मैदानाखालचा थर

हंगामाचा शेवटचा सामना आम्ही घरच्या मैदानावर शून्य विरुद्ध दोन असा हरलो. मार्च महिन्याचा तिसरा शनिवार होता. चौदा सामने, दोन विजय, तीन बरोबरी, नऊ पराभव. एकूण नऊ गुण आणि गुणतक्त्यात शेवटून दुसरे स्थान. पंचांनी अखेरची शिट्टी वाजवली तेव्हा प्रेक्षकांपैकी कोणी ओरडले नाही, कोणी शिवीही दिली नाही. लोक उठले आणि आपापल्या मोटारसायकली काढू लागले. शिव्या देणारे प्रेक्षक डिसेंबरमध्येच यायचे थांबले होते.

आमचा नवयुवक फुटबॉल क्लब हा मूळचा शहरातल्या जरीपटका भागामागच्या वस्त्यांतील मुलांचा संघ. दोन वर्षांपूर्वी तो व्यावसायिक झाला, खेळाडूंशी रीतसर करार झाले आणि राष्ट्रीय लीगच्या तिसऱ्या श्रेणीत आम्हाला प्रवेश मिळाला. मी या क्लबचा मानद तांत्रिक सचिव. पॉलिटेक्निकमधून स्थापत्याची पदविका घेतल्यावर चौतीस वर्षे मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केली. वसाहतीतले रस्ते, नाल्या आणि आवारभिंती हे माझे काम होते. निवृत्तीनंतर मैदानाची देखभाल आणि सामन्यांच्या नोंदी ही जबाबदारी क्लबने माझ्याकडे दिली.

सोमवारी सकाळी अध्यक्ष मारोतरावांचा फोन आला. येत्या रविवारी कार्यकारिणीची सभा होती आणि तीत हंगामातील अपयशाची कारणे सांगणारा अहवाल मी वाचायचा होता. मारोतराव लाकडाच्या टालाचे मालक. थोडक्यात बोलणारे गृहस्थ. दुखापतींचा भाग सविस्तर लिहा आणि डॉक्टरांचे कागद जोडा, एवढेच ते म्हणाले. त्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. प्रशिक्षक सुशील मेश्राम याला काढायचे होते आणि त्यासाठी कागद हवा होता.

सुशीलवरचा आक्षेप साधा होता. तो मुलांकडून दिवसातून दोनदा सराव करून घेत असे. या हंगामात आमचे सात खेळाडू नडगीच्या दुखण्याने बसले. मधल्या फळीतला अंकुश हा आमचा सर्वांत चांगला खेळाडू. फेब्रुवारीत त्याच्या नडगीच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘अतिश्रम’ असा शब्द लिहिला होता. त्या एका शब्दावर गावभर चर्चा झाली. सुशीलने शाळेतील क्रीडाशिक्षकाची कायम नोकरी सोडून हे काम पत्करले होते आणि अंकुशला तो अकरा वर्षांचा असल्यापासून शिकवत होता, या गोष्टी त्या चर्चेत कोणी काढल्या नाहीत.

मी टेबलावर मोठा कागद पसरला. डाव्या बाजूला तारखा, मग सामना कुठे झाला, सराव कुठे झाला, कोण दुखावला, काय दुखले, असे रकाने आखले. पत्नी उत्तरा दोनदा जेवायला बोलावून गेली. दुपारी तीनच्या सुमारास कागद भरला आणि मी तो शांतपणे वाचू लागलो.

आमचे नऊच्या नऊ गुण बाहेरच्या मैदानांवर मिळवलेले होते. घरच्या सात सामन्यांत एकही गुण नव्हता. याची थट्टा गावात होत असे; घरच्या लोकांसमोर पोरं लाजून राहतात, असे पानठेल्यावरचे लोक म्हणत. परंतु दुखापतींचा रकाना थट्टेचा नव्हता. डिसेंबरात तीन खेळाडू बसले, तिघेही घरच्या सरावानंतर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संघ बाहेर पडला आणि चोवीस दिवस बाहेरच होता. चार सामने चार शहरांत झाले. त्या चोवीस दिवसांत नवा एकही खेळाडू बसला नाही, उलट आधीचे दोन बरे होऊन खेळू लागले. संघ परतला पाच फेब्रुवारीला. वीस तारखेपर्यंत चार खेळाडू बसले होते आणि त्यांत अंकुश होता.

बाहेरही सुशीलच सराव घेत होता, दिवसातून दोनदाच. बदलले होते ते फक्त मैदान.

मी पेन्सिल खाली ठेवली. त्या मैदानाखाली काय आहे हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते मी घातले होते.

मैदानाची जमीन काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की त्यात हात जाई. मागच्या वर्षी मार्चमध्ये अर्णव नावाच्या आमच्या बचावपटूचा पाय तशा भेगेत अडकून घोटा सुजला, तेव्हा मैदान नव्याने बांधायचे ठरले. काळी माती खोलवर काढून मुरूम आणि वाळू भरावी, असे एक कंत्राटदार म्हणत होता. मी दुसरा उपाय सुचवला. काळ्या मातीत वीज केंद्रातली कोळशाची राख आणि चुना मिसळायचा, पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. माती फुगायची थांबते, भेगा पडत नाहीत. कोराडी वसाहतीतले रस्ते मी याच पद्धतीने केले होते आणि पंधरा पावसाळे होऊनही त्यांना तडा नव्हता. कार्यकारिणीने एकमताने होकार दिला. मागच्या मे महिन्यात नऊ इंच जाडीचा तो थर आम्ही घातला, त्यावर चार इंच माती पसरली आणि हरळी लावली. उद्‌घाटनाला मारोतरावांनी माझा शालीने सत्कार केला होता.

राख चांगली होती, चुनाही चांगला होता. दोष त्यांचा नव्हता. त्यांची पकड महिन्यागणिक वाढत जाते, हे मला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्याच वर्षी शिकवले होते. रस्त्याच्या बाबतीत तोच त्या पद्धतीचा गुण असतो. रस्त्यावर ट्रक चालतात, मुले धावत नाहीत, एवढी एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कोराडीत आयुष्य न काढलेल्या माणसाने ही चूक केली नसती. त्याला हा उपाय सुचलाच नसता.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी मैदानावर गेलो. नत्थूजी हरळीला पाणी देण्यासाठी रबरी पाइप ओढत होते. ते भिवापूरकडचे, तरुणपणी मिरचीच्या वावरात राबलेले, आता आमच्या मैदानाचे राखणदार. पोळ्याच्या सुमारास मैदानात पाणी साचले होते आणि चार दिवस हलले नव्हते, तेव्हा त्यांनी मला थांबवून सांगितले होते की साहेब, आपण गच्चीवर हरळी लावली. मिरचीच्या वाफ्यात पाणी असं थांबलं तर झाड जगत नाही. मी त्यांना उतार आणि निचरा यांविषयी पाच मिनिटे समजावून सांगितले होते. त्यांनी मान हलवून ऐकून घेतले होते आणि नंतर पुन्हा विषय काढला नव्हता.

आता मी त्यांना सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणायला लावली आणि दक्षिणेकडच्या गोलपोस्टपासून वीस पावलांवर खड्डा करायला सांगितले. हरळीची मुळे खाली न जाता आडवी पसरली होती, चटईसारखी. चार इंच माती सुटली आणि सब्बल खाली आदळून उडाली. असा आवाज शेतात येत नाही. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिले.

मी खड्डा बुजवायला सांगितला. वर हरळीचा तुकडा पुन्हा बसवून पाणी मारायला सांगितले. तसे का सांगितले याचे कारण मी त्या वेळी स्वतःला असे दिले की, अहवाल पूर्ण होण्याआधी चर्चा नको.

गुरुवारी संध्याकाळी सुशील मैदानावर सामान परत करायला आला. चेंडू, शंकू, अंगरख्यांचे गठ्ठे असे मोजून मी यादीवर खूण करत होतो. यादी संपली तरी तो गेला नाही. पत्र्याच्या शेडखाली पायरीवर बसला. मीही बसलो. सभेत तो काही बोलणार नव्हता, हे त्याने आधी सांगितले. कोणावर रोष नाही, दुसऱ्या नोकरीचे पाहून राहिलो आहे, असेही तो म्हणाला.

“काकाजी, जे लिहायचं ते लिहा,” तो म्हणाला. “मी वाद नाही घालणार. पोरांचे पाय माझ्याच हातानं गेले.”

मी म्हणालो की एवढ्यात असा निष्कर्ष काढू नये.

“काल अंकुशच्या घरी गेलो होतो. अंजनाबाई दारातच उभी होती. आत या म्हणली नाही. म्हणे, सर, तुमच्याकडं दिला तवा पोरगा पळत आला होता. बस, एवढंच. रागावली असती तं मी ऐकून घेतलं असतं. मी गाडीला किक मारली अन् निघून आलो.”

अंजनाबाई म्हणजे अंकुशची आई. जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई. तिला मी सामन्यांच्या वेळी पाहिले होते.

त्या वेळी मला सांगता आले असते. शेडपासून तो बुजवलेला खड्डा साठ पावलांवर होता. परंतु मी असे म्हणालो की अहवालात सर्व बाबींचा विचार केला जाईल. त्याने मान हलवली, नत्थूजींनी हलवली होती तशीच, आणि उठून गेला.

अहवाल मी शनिवारी पूर्ण केला. एकूण नऊ परिच्छेद झाले. सातव्या परिच्छेदात मी लिहिले की, क्रीडापृष्ठाखालील स्थिरीकृत थराचे काठिण्य अपेक्षित मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे प्राथमिक पाहणीत आढळते आणि दुखापतींशी त्याचा संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वाक्य अचूक होते. ते वाचून कोणालाही काही कळणार नाही, हेही मला दिसत होते. उत्तराने तो कागद वाचला आणि विचारले की यात झालं काय ते कुठे आहे. मी कागद टाचणी लावून पिशवीत ठेवला.

रविवारी अकरा वाजता टालाच्या वरच्या खोलीत सभा भरली. खाली सुट्टीमुळे करवत बंद होती. मारोतराव, उपाध्यक्ष विक्रम, आणखी पाच सदस्य, मी. आणि दाराजवळच्या बाकावर सुशील. विक्रम हा तरुण माणूस, जाहिरातदार आणणारा. बाहेरचा नामांकित प्रशिक्षक आणावा असा त्याचा पहिल्यापासून आग्रह होता आणि त्यात वावगे काही नव्हते.

मी अहवाल वाचला. सातवा परिच्छेद आला तेव्हा माझा आवाज थोडा खाली गेला असावा. एका सदस्याने जांभई दिली. मी आठव्या परिच्छेदावर गेलो. वाचन संपल्यावर मारोतरावांनी आभार मानले आणि सुशीलला काही म्हणायचे आहे काय, असे विचारले.

सुशील उभा राहिला. गुरुवारी तो म्हणाला होता की बोलणार नाही, पण बोलला. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने टेबलावर ठेवला.

“हा राजीनामा आहे. हंगाम गेला त्याचं मले दुःख आहेच. पण अंकुशचा पाय माझ्यामुळं गेला, हे लिहून घ्या. बाकीच्या पोरांना दोष देऊ नका. पुढं जो कोणी येईल त्याले सांगा का पोरांचं ऐकत जा. अंकुश मले दोनदा म्हणाला होता, सर, दुखून राहिलं. मी म्हणालो, चाल, होते बरोबर.”

तो खाली बसला. मारोतरावांनी कागदाची घडी उघडली. राजीनामा स्वीकारला गेला असता आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली असती. सुशीलने ती गोष्ट आयुष्यभर बाळगली असती.

“मारोतराव, थांबा,” मी म्हणालो. “मुलांचे पाय सुशीलने मोडलेले नाहीत. मैदानाने मोडले आहेत. आणि ते मैदान मी बांधले.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी राख, चुना, नऊ इंचांचा थर, रोलर हे सगळे क्रमाने सांगितले. बाहेरच्या चोवीस दिवसांचा हिशेब सांगितला. रकान्यांचा कागद टेबलावर पसरला. मी जितका तपशील देत गेलो, तितके त्यांचे चेहरे मवाळ होत गेले, आणि ते का, हे मला प्रथम कळले नाही.

मारोतराव हसले, चांगल्या मनाने हसले.

“कृष्णकांतजी, तुमचा स्वभाव आम्हाले माहीत नाही का? पोराची नोकरी चालली म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊन राहिले तुम्ही. मोठेपणा आहे तुमचा.”

मी म्हणालो की हा मोठेपणा नाही, वस्तुस्थिती आहे.

“मंग दहा महिने काहून नाही सांगितलं?” विक्रमने विचारले.

“मला ठाऊक नव्हते.”

“तुम्हाले ठाऊक नव्हतं? चौतीस वर्षं राखेतच तं होते तुम्ही.”

दोघेतिघे हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. मी थाप मारताना पकडला गेलो असे त्यांना वाटले होते आणि ती थाप त्यांना आवडली होती. एक सदस्य म्हणाला की अशी माणसे आता राहिली नाहीत. मैदानाची पाहणी करण्यासाठी तीन जणांची उपसमिती नेमण्यात आली आणि तिचे अध्यक्षपद माझ्याकडेच देण्यात आले. त्यानंतर राजीनामा स्वीकारला गेला. मारोतरावांनी सुशीलच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव मांडला. विक्रमने अनुमोदन दिले.

मी जिना उतरलो तेव्हा सुशील खाली लाकडांच्या थप्पीजवळ उभा होता. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी असा पाहिला नव्हता.

“काकाजी, मले काढलं असतं तं चाललं असतं,” तो म्हणाला. “पण तुम्ही माझी कीव केली. सगळ्यांसमोर. आता गावभर होईल का म्हाताऱ्याले खोटं बोला लागलं याच्यासाठी.”

मी त्याला म्हणालो, “माझ्यासोबत मैदानावर चल.” तो नको म्हणाला. मी पुन्हा तेच म्हणालो. अखेर त्याने आपली मोटारसायकल काढली आणि मी मागे बसलो. भर दुपारच्या उन्हात आम्ही मैदानापर्यंत गेलो.

नत्थूजी शेडखाली भाकर खात होते. मी सब्बल कुठे आहे असे विचारले. त्यांनी बोटाने दाखवली आणि सुशीलकडे पाहून सहजपणे म्हणाले, “त्याच खड्ड्यात पाहा सर. मंगळवारचा हाय. माती अजून भुसभुशीत हाय तिथली.”

सुशील थांबला.

“मंगळवारचा?”

“साहेबानं खणाले लावला, अन् बुजवाले लावला.”

सुशील माझ्याकडे वळला. “गुरुवारी मी इथंच बसलो होतो तुमच्याजवळ.”

“हो,” मी म्हणालो.

“तवा माहीत होतं तुम्हाले?”

“माहीत होते.”

तेव्हा कुठे त्याचा माझ्यावर विश्वास बसला. तक्ते आणि आकडे यांनी जे झाले नव्हते, ते माझ्या त्या गुरुवारच्या गप्प बसण्याने झाले. परोपकारासाठी खोटे बोलणारा माणूस तीन दिवस असा गप्प बसत नाही.

त्याने सब्बल उचलली. हरळीचा तुकडा पायाने बाजूला सारला, माती उकरली आणि पहिला घाव घातला. सब्बल उडाली. दुसरा घातला. तो मैदानी खेळातला माणूस. अंगात ताकद होती. पंधरावीस घाव झाल्यावर थराचा एक ढलपा सुटला, तळहाताएवढा, राखाडी आणि काठावर धारदार. तोपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याने ढलपा हातात घेतला, बुटाच्या टाचेखाली दाबून पाहिला. तो फुटला नाही. मग तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. नत्थूजींनी भाकरीचे फडके बांधले आणि ते पाइपाकडे निघून गेले.

चूक झाली, असे मी म्हणालो. तो म्हणाला की चूक झाली ते ठीक आहे, चूक कोणाचीही होते. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती. तो थकला होता. मीही थकलो होतो.

काही वेळाने तो उठला. ढलपा त्याने माझ्या हातात दिला.

“अंजनाबाईले तुम्ही सांगा. मी सांगितलं तं बहाणा वाटन.”

अंकुशचे घर जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत आहे. विटांच्या दोन खोल्या, दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात रिकाम्या भाजीच्या टोपल्या. अंजनाबाई सकाळचा बाजार करून परतली होती आणि टोपल्यांवर पाणी मारत होती. सुशीलला पाहून तिचा हात थांबला. तो गल्लीतच, गाडीजवळ उभा राहिला. मी पुढे गेलो.

माझे नाव आणि क्लबमधले काम मी सांगितले. मग सांगितले की मैदानाच्या खाली मी एक थर घातला होता, तो दगडासारखा झाला, त्यावर धावून मुलांच्या नडग्या दुखावल्या आणि अंकुशचे हाड तडकले. सरांनी मुलांना जास्त पळवले नव्हते. बाहेरगावी तेवढेच पळवले, तेव्हा कोणाला काही झाले नव्हते. या वेळी मी आकडे सांगितले नाहीत. ढलपा तिच्या हातात दिला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. उंबऱ्याच्या दगडावर दोनदा आपटला.

“याच्यावर माहा पोरगा पळत होता?”

“याच्यावर चार इंच माती होती. पण हो, याच्यावरच.”

“तुमाले कोनी इचारलं नसन,” ती म्हणाली. “मोठ्या साहेबाले कोन इचारते, का हे बरोबर हाय का म्हणून.”

“एकाने सांगितले होते,” मी म्हणालो. “मी ऐकले नाही.”

ढलपा तिने टोपल्यांच्या बाजूला ठेवून दिला. माझ्याकडे न पाहता तिने गल्लीकडे तोंड केले आणि थोडा आवाज चढवला.

“सर, उनात काहून उभे हा? आत या ना.”

सुशील आला. माझ्या शेजारून जाताना त्याने बूट काढले. तिने मला आत बोलावले नाही आणि ते योग्यच होते. मी दाराच्या चौकटीशी उभा राहिलो. तिथून आतली खोली दिसत होती. अंकुश खाटेवर उशीला टेकून बसला होता, उजवा पाय पुढे पसरलेला. बाहेरचे सगळे बोलणे त्याने ऐकले होते. बावीस वर्षांचा मुलगा. त्याची दाढी वाढली होती.

“सर, राजीनामा दिला म्हणते तुम्ही,” तो म्हणाला. क्लबमधील बातमी आमच्या आधी गल्लीत पोहोचली होती.

“दिला.”

“परत घ्या ना मंग.”

“त्यांनी मंजूर केला. गेलो मी क्लबमधून.” सुशील खाटेच्या कडेवर बसला. “पाय दाखव.”

फेब्रुवारीपासून सरांनी त्या पायाला एकदाही हात लावला नव्हता, घरी येत तेव्हाही दूर बसत, हे अंकुशने मला पुढे कधीतरी सांगितले. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसले की सुशीलने पाय आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याने घोट्यापासून वर थोडे थोडे दाबत तो नडगीवर आला आणि एका जागी थांबला.

“इथं?”

“नाही सर. थोडं वर.”

“आता?”

“हा. पण पहिल्यासारखं नाही.”

सुशीलने ती जागा पुन्हा दाबून पाहिली, या वेळी हलक्या हाताने. मग पाय तसाच धरून तो सांगू लागला की अजून चार आठवडे पळायचे नाही, नुसते चालायचे, तेही मातीवर, डांबरावर नाही. मग पाण्यात पाय मारायचे, त्यासाठी कुठला तलाव बरा ते तो पाहून ठेवील. आणि दुखले की त्याच दिवशी सांगायचे, दुसऱ्या दिवशी नाही.

“सांगितलं तं तुम्ही ऐकान?” अंकुशने विचारले.

“ऐकीन,” सुशील म्हणाला, आणि त्याने अंकुशचा दुसरा पाय तपासायला घेतला.